क्रेया : सोबतीण, उस्ताद की वैरीण?

मे महिन्याच्या सुट्टीत आमचा भाचा राहायला आला होता. सोबत त्याने आपला संगणक आणला होता आणि त्या संगणकात एक जुना खेळ. दोन दिवस तो त्यात बुडालेला पाहून तिसऱ्या दिवशी आम्ही रागावण्याच्या तयारीनेच त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर गोळीबार चालला असेल अशी आमची समजूत. प्रत्यक्षात तिथे एक म्हातारी बोलत होती. झग्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली, एक हात मनगटापासून गेलेला, आवाज थकलेला पण धारदार. भाचा वळून म्हणाला, "मामू, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तर सांगा, ही बाई चांगली की वाईट?"

आम्ही म्हणालो, "आधी तिचं सगळं ऐकून तर घेऊ दे, बेटा." ते सगळे ऐकून घ्यायला आम्हाला पुढचे तीन आठवडे लागले. भाचा सुट्टी संपवून परत गेला, पण त्याचा प्रश्न आमच्याकडेच राहिला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले थोडे लांबलेले उत्तर आहे.

संगणकावरच्या खेळाची समीक्षा या अंकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, ज्या घरांत पूर्वी दास्तान वाचली जायची, त्या घरांतली पोरे आज हे खेळ खेळतात. गोष्टीची भूक तीच आहे, ताट बदलले आहे. त्या ताटात काय वाढले जाते हे वडीलधाऱ्यांनी न चाखताच हराम किंवा टाकाऊ ठरवणे आम्हाला पटत नाही.

खेळाचे नाव 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ – द सिथ लॉर्ड्स'. डिसेंबर २००४ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला, फेब्रुवारी २००५ मध्ये संगणकावर आणि २०२० मध्ये मोबाइलवरही. पहिला भाग २००३ मध्ये बायोवेअर या कंपनीने केला होता, दुसरा ऑब्सिडियन या तेव्हा नव्यानेच उभ्या राहिलेल्या कंपनीने. त्याची आखणी आणि लेखन यांत मुख्य वाटा ख्रिस ॲव्हेलोन यांचा. 'प्लेनस्केप : टॉरमेंट' हा १९९९ चा गाजलेला खेळही त्यांचाच.

'स्टार वॉर्स'च्या जगात 'फोर्स' नावाची एक अदृश्य शक्ती सर्व जिवांना बांधून ठेवते. तिच्या उजळ बाजूने चालणारे ते जेडाय आणि काळ्या बाजूने चालणारे ते सिथ. सिनेमात ही वाटणी सरळ आहे. या खेळात मात्र नायक एक हद्दपार माणूस आहे. तो पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एका मोठ्या युद्धात तो सेनापती होता. मॅलाकोर नावाच्या ग्रहावर त्याच्या हुकमाने एक भयंकर यंत्र चालवले गेले आणि दोन्ही बाजूंची असंख्य माणसे क्षणात मेली. तो आघात असा की फोर्सशी असलेले त्याचे नातेच तुटले. जेडाय मंडळाने त्याला बाहेर काढले. वर्षांनंतर एका खाणीच्या केंद्रात तो शुद्धीवर येतो, तेव्हा तिथल्या मुडदेघरात, जिला सगळ्यांनी मेलेली समजले होते ती म्हातारी उठून उभी राहते. तीच क्रेया. तिथून शेवटपर्यंत ती त्याच्या सोबत असते, त्याला शिकवते, टोचते, टाकून बोलते. सारा केस्टलमन या ब्रिटिश अभिनेत्रीने तिला आवाज दिला आहे आणि क्रेयाचे निम्मे मोठेपण त्या आवाजाचे आहे.

आपल्याकडच्या किश्श्यांत म्हातारी बहुधा दोन प्रकारची असते. एक दुआ देणारी दादी, दुसरी घरे फोडणारी कुटणी. क्रेया या दोन्हींत बसत नाही. ती बुद्धिमान आहे, इतिहासाची जाणकार आहे, आणि कोणाला आपले प्रेम वाटावे म्हणून ती एक शब्दही गोड बोलत नाही. अशी स्त्री आम्हाला छापील गोष्टींतही फारशी भेटलेली नाही.

तिच्याबद्दल खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ती चांगल्या-वाईटाच्या पलीकडे गेलेली ज्ञानी आहे. दुसरा म्हणतो, ती खोटारडी आहे, पहिल्या क्षणापासून कट करणारी. दोन्ही तटांकडे पुरावे आहेत. म्हणून आम्ही तिच्या बोलण्याकडे नंतर वळतो आणि आधी एका प्रसंगाकडे पाहतो.

नार शड्डा नावाच्या गजबजलेल्या, गलिच्छ जगात निर्वासितांची वस्ती आहे. तिथे एक भिकारी थोडे पैसे मागतो. तुम्ही दिलेत, तर क्रेया विचारते की हे का केलेस? आणि ती पुढचे दृश्य दाखवते : तुमच्या पैशांसाठी दुसरा कोणी कंगाल त्या भिकाऱ्याला बडवून लुबाडतो आहे. तुम्ही त्याला हाकलून लावलेत, तरी ती दृश्य दाखवते : तोच भिकारी चिडून दुसऱ्या कोणावर तुटून पडतो आहे. दया केली तरी बोलणी, निर्दयपणा केला तरी बोलणी. तिचे म्हणणे असे की, दान देऊन तू त्याच्याकडून स्वतः झगडण्याची संधी काढून घेतलीस आणि निष्कारण क्रूर होऊन नवी क्रूरता जन्माला घातलीस. दोन्ही वेळा तू विचार केला नव्हतास.

हा प्रसंग पाहून आम्ही बराच वेळ गप्प होतो. रमजानमध्ये मशिदीच्या दाराशी लागणाऱ्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा प्रश्न परका नाही. त्याच बाया, तीच पोरे, वर्षानुवर्षे. देणाऱ्याला सवाब मिळाला, घेणाऱ्याला काय मिळाले? खैरातीचा हात पुढे करताना हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो? क्रेया तो विचारते, म्हणून ती टाकाऊ नाही. ज्या खेळात भिकाऱ्याला पैसे देताच पुण्याचे गुण जमा होतात, त्याच खेळात ती उभी राहून सांगते की असे गुण मोजणे म्हणजे नीती नव्हे. 'स्टार वॉर्स'च्या उजळ-काळ्या वाटणीबद्दलच्या आपल्या शंका ॲव्हेलोन यांनी तिच्या तोंडी घातल्या आहेत आणि ते त्यांनी लपवलेलेही नाही.

पण नीट पाहिले तर या धड्यात एक माणूस गाळलेला आहे. भिकाऱ्याला लुबाडणारा तो लुटारू. त्याने लूट केली, ती त्याची करणी. क्रेया त्याच्याकडे बोटही दाखवत नाही, सगळा हिशेब ती देणाऱ्याच्या खात्यावर मांडते. नियत आणि करणी यांचा संबंध आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. देणाऱ्याने विचारपूर्वक द्यावे, घेणाऱ्याची अब्रू राखून द्यावे, हे बरोबर. पण मधे तिसऱ्याने येऊन केलेल्या गुन्ह्याचा बोजा देणाऱ्यावर टाकला, तर उद्या कोणी कोणाला पाण्याचा घोटही देणार नाही. क्रेयाचा प्रश्न खरा आहे, तिचा हिशेब मात्र कच्चा आहे. आणि इतकी हुशार बाई कच्चा हिशेब करते तेव्हा तो चुकून होत नाही, अशी शंका आम्हाला तिथेच आली.

ती शंका पुढे खरी ठरते. सोबत्यांत अ‍ॅटन रँड नावाचा एक तरुण आहे. वरून थट्टेखोर, आतून काळा भूतकाळ असलेला : तो एकेकाळी सिथांच्या चाकरीत जेडायांना पकडून त्यांचा छळ करीत असे. क्रेया त्याच्या मनात शिरून ते जाणते आणि उघड करण्याची धमकी देऊन त्याला बांधून ठेवते. हनहार नावाचा एक खुनशी वूकी आहे. मीरा या तरुणीशी झालेल्या लढतीत तो मरायला टेकतो, तेव्हा क्रेया त्याला वाचवते. दयेपोटी नव्हे, पुढे मीरावर सोडण्यासाठी. नायकाशी तिचा एक अजब बंध जुळलेला असतो. डार्थ सायन तिचा हात तोडतो तेव्हा कळ नायकाला लागते. या बंधामुळे एक मेला तर दुसराही मरेल, असे ती सूचित करते आणि त्या भीतीच्या आधारे स्वतःला जवळ ठेवून घेते. शेवटी ती मरते आणि नायक जिवंत राहतो.

नायक उजळ वाटेने चालला, तर डँटूइन ग्रहावर जमलेले तीन जेडाय उस्ताद त्याला फोर्सपासून पुन्हा तोडायचे ठरवतात. तिथे क्रेया येते आणि तिघांचाही जीव घेते. मग कळते की ती एकेकाळची जेडाय, नंतरची सिथ, डार्थ ट्राया. सायन आणि नायहिलस हे दोन राक्षस तिचेच शागिर्द होते आणि त्यांनीच तिला घालवून दिले होते. तिचे खरे वैर फोर्सशीच आहे. ही शक्ती जिवांना आपल्या मर्जीने खेळवते, युद्धे घडवते आणि माणसाला वाटते की निवड त्याची होती, असा तिचा दावा. हद्दपार नायक फोर्सवाचून जगला, म्हणजे तसे जगता येते, याचा तो तिच्या दृष्टीने चालताबोलता पुरावा. त्याच्यातल्या त्या जखमेच्या साहाय्याने तिला फोर्सचाच अंत करायचा असतो.

इथे आम्हाला आपल्याकडचे दोन सोबती आठवतात.

पहिला अमर अय्यार. नवल किशोर प्रेसने लखनौहून दास्ताने अमीर हमजाचे ४६ खंड छापले, त्यांत तो पानोपानी आहे. चोर, लोभी, वेषपालट्या, जंबिलीत अख्खे जग कोंबणारा. त्याचे मार्ग पाहिले तर क्रेया त्याच्यापुढे सभ्य वाटावी. तरीही ऐकणाऱ्याला कधी विचारावे लागले नाही की अमर चांगला की वाईट, कारण अमीर हमजाशी त्याची वफा अढळ आहे. मार्ग वाकडा, मन सरळ. क्रेयाचे नेमके उलटे आहे. तिचे बोलणे गंभीर, चाल संयमी, पण ती कोणाशी एकनिष्ठ आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरी आठवण अदबीने सांगतो, बरोबरी करण्याचा हेतू नाही. कुरआनात सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) आणि त्यांना भेटलेल्या त्या बंद्याचा किस्सा आहे, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो. नावेला भोक पाडणे, मुलाचा जीव घेणे, ज्यांनी पाहुणचार नाकारला त्यांच्याच गावात पडकी भिंत उभी करून देणे. तिन्ही गोष्टी पाहणाऱ्याला खटकणाऱ्या. सबर सुटतो, प्रश्न विचारले जातात. पण निरोपापूर्वी प्रत्येक कृतीचा अर्थ उलगडून सांगितला जातो आणि हे मी माझ्या मर्जीने केले नाही, हेही सांगितले जाते. क्रेयाजवळ हीच गोष्ट नाही. ती जे करते ते स्वतःच्या मर्जीने करते, आणि ज्या शक्तीने माणसांना खेळवले म्हणून ती चिडते, तिच्याचसारखी ती स्वतः माणसांना खेळवते. अ‍ॅटनला कोणी विचारले होते? मीराला? आपल्या शत्रूवर तिने ठेवलेला आरोप जसाच्या तसा तिला लागू पडतो. लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे असे आम्हाला वाटते, आणि या पात्राची खरी ताकद तिथेच आहे.

खेळाच्या रचनेतही हीच गाठ आहे. सोबत्यांवर नायकाचा किती प्रभाव आहे, हे खेळ मोजतो. तुमचे उत्तर त्यांना पटले की प्रभाव वाढतो, न पटले की घटतो. प्रभाव वाढला की क्रेया आपले मन अधिक उघडते. परिणाम असा की, भाचा तिच्याशी बोलताना स्वतःला काय वाटते ते निवडत नव्हता, तिला काय आवडेल ते निवडत होता. आम्ही विचारले, "तुला खरंच असं वाटतं का?" तो म्हणाला, "नाही मामू, पण असं म्हटलं की ती पुढचं सांगते." स्वतःच्या पायावर उभा राहा, कोणाचा आधार घेऊ नकोस, असे शिकवणारी बाई आणि तिची शिकवण मिळवण्यासाठी तिच्या होत हो मिळवणारा शागिर्द! ज्यांनी मदरशात, शाळेत किंवा पार्टीच्या कार्यालयात एखाद्या उस्तादाची मर्जी राखली आहे, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

आम्हाला तर नाहीच. आम्ही अकरावीत असताना मोहल्ल्यातल्या एका सधन गृहस्थांनी आमची फी भरली. ते वाचलेले होते, स्पष्टवक्ते होते. फुकट काही मिळत नसते, हे त्यांचे आवडते वाक्य. आमच्याबरोबर आणखी एका मुलाची फी ते भरीत. तो आमच्यापेक्षा हुशार, पण उलट बोलणारा. एका वर्षी त्यांनी त्याची फी मध्येच थांबवली आणि आम्हाला जवळ बसवून सांगितले, "हे तुझ्यासाठी केलं. गुर्मीचं काय होतं ते पाहून ठेव." आम्ही पाहून ठेवले आणि गप्प राहिलो. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, लिहू लागलो. तो मुलगा गॅरेजमध्ये गेला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला, तेव्हा हसत म्हणाला, "भाई, तुझ्या धड्याची फी मी भरली."

त्या गृहस्थांचे एहसान आम्ही आजही नाकारत नाही. ते नसते तर हा लेख नसता. पण ते चांगले की वाईट, हे आम्ही इतकी वर्षे आपल्याला काय मिळाले त्यावरून ठरवत आलो. क्रेयाचे कौतुक करणारे खेळाडूही नेमके हेच करतात. नायकाला तिने घडवले, त्याला विचार करायला लावला, मरताना त्याच्या सोबत्यांचे पुढे काय होईल तेही सांगून गेली. मग ती वाईट कशी? तिने नायकाचे भले केले हे खरे. ते नायकाला विचारल्यावर कळेल. पण चांगले-वाईट ठरवायचे असेल तर अ‍ॅटनला विचारावे लागेल, मीराला, त्या तीन उस्तादांना आणि नार शड्डाच्या भिकाऱ्यालाही. त्याचा मार खाणे क्रेयासाठी एक उदाहरण होते. त्याच्यासाठी तो मार होता.

एक गोष्ट खेळाच्या बाजूने आणि एक त्याच्या विरोधात नोंदवायला हवी. हा खेळ घाईने बाजारात आणला गेला. शेवटच्या भागातली कितीतरी दृश्ये अर्धवट राहून गेली. पुढे चाहत्यांनी खेळाच्या फायलींत उरलेले संवाद शोधून, जोडून, बिनमोबदला मेहनतीने ती पुष्कळशी परत बसवली. म्हणून क्रेयाबद्दलची काही संदिग्धता लेखकाने मुद्दाम ठेवलेली आहे आणि काही केवळ अपुरेपणातून आलेली. ज्ञानी म्हणून तिच्यापुढे मान तुकवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. गोष्टीतली प्रत्येक फट म्हणजे खोली नसते.

खेळाच्या बाजूने सांगायचे ते असे की, तो तिला सोयीचा शेवट देत नाही. मॅलाकोरवर नायकाला तिच्याशी लढावेच लागते. हरल्यावरही ती गयावया करत नाही, पश्चात्तापाचे भाषणही देत नाही. आपल्या शागिर्दाबद्दलचा अभिमान मात्र तिला लपवता येत नाही. त्या क्षणी आमचा भाचा उदास झाला होता. जिने त्याला तीन आठवडे फसवले, तिच्या मरणाने त्याचे मन भरून आले. हे लेखनाचे यश आहे. वाईट माणसाचाही लळा लागतो, हे पोरांना उपदेशाने शिकवता येत नाही. गोष्टीने शिकवता येते.

तेव्हा भाच्याला आमचे उत्तर असे. पात्र म्हणून क्रेया उत्तम. उस्ताद म्हणून तिचे प्रश्न ऐकण्याजोगे; ते डायरीत लिहून ठेव आणि खैरात देताना, मत देताना, कोणाला वाचवायला धावताना स्वतःला विचार. पण सोबतीण म्हणून ती वाईटच, कारण सोबत ही एकाशी नसते, काफिल्याशी असते, आणि एकाला पोचवण्यासाठी बाकीच्यांना पायरी करणाऱ्याला आपण चांगले म्हणू लागलो, तर पायरी झालेल्यांना तोंड दाखवता येणार नाही.

हे सगळे आम्ही त्याला फोनवर सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मामू, तुमच्या त्या गॅरेजवाल्या दोस्ताला हे सांगितलंत का?"

नाही सांगितले. हा अंक हाती आला की एक प्रत घेऊन त्याच्याकडे जायचे आम्ही ठरवले आहे.